आमची वाटचाल : लोडरचा धंदा आणि गिअरबॉक्सचा प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरला पुढून बसवायचे लोडर तयार होतात. येणारा गिऱ्हाईक उचल किती आणि बकेट केवढी, हे आधी विचारतो. आम्ही मात्र दर सांगण्यापूर्वी त्याच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स कोणता, हे विचारतो. या प्रश्नापायी काही ऑर्डरी आमच्या हातून गेल्या, तरी आम्ही तो सोडलेला नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

नांगरटीचा ट्रॅक्टर एकदा गिअरात टाकला की बांधापर्यंत तसाच जातो. लोडरला मात्र ढिगात घुसून भरायचे, मागे यायचे, ट्रॉलीकडे जाऊन ओतायचे आणि पुन्हा मागे यायचे, अशी एका बकेटमागे चार वेळा दिशा बदलावी लागते. 8 पुढचे आणि 2 मागचे गिअर असलेल्या साध्या बॉक्समध्ये दर वेळी ट्रॅक्टर पूर्ण थांबवून दांडा काढायचा आणि घालायचा असतो. ट्रॉल्यांची रांग लागली की ड्रायव्हरला तेवढी उसंत नसते. तो क्लच अर्धा दाबून ढिगात रेटत राहतो आणि प्लेट जळते.

आमच्यावर संकट आले ते यातूनच. साखर कारखान्यातील प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, भरण्यासाठी एका ठेकेदाराने आमच्याकडून एकदम बरेच लोडर घेतले. ट्रॅक्टर शटल गिअरचेच, म्हणजे एका वेगळ्या दांड्याने पुढे-मागे दिशा बदलणारे, घ्यावेत, असे आम्ही कोटेशनमध्ये लेखी दिले होते. पण ट्रॅक्टर विक्रेत्याने शिलकीत पडलेले साधे ट्रॅक्टर ठेकेदाराच्या गळ्यात मारले. ऐन हंगामात एकेक क्लच जाऊ लागला, तेव्हा त्याच विक्रेत्याने सारे खापर आमच्या लोडरवर फोडले. ठेकेदाराने उरलेली रक्कम अडवली, बँकेची कर्जमर्यादा संपली, पत्रेवाल्याचे आणि जॅकवाल्याचे देणे थकले आणि हाताशी तयार झालेले दोन वेल्डर सोडून गेले.

मी स्वतः मिस्त्री नेऊन चारचौघांसमोर एक ट्रॅक्टर मधून फोडायला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायला लावला. क्लचची प्लेट ज्यावर घासते त्या फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा होत्या, प्लेटचे लायनिंग रिव्हेटपर्यंत उतरले होते. पण गिअरचे दात, बेअरिंगा आणि हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, शाबूत होते. लोडर ज्यावर बसतो त्या आमच्या फ्रेमचा दोष असता तर हाउसिंगला तडा दिसला असता. तेथे उभ्या असलेल्या सर्वांनी हे मान्य केले, आणि तरीही पैसे कोणी दिले नाहीत.

त्याच सुमारास जवळच एकाने आमच्यापेक्षा स्वस्त लोडर विकायला सुरुवात केली. ते स्वस्त का होते, हे धंद्यातील माणसाला एका नजरेत कळावे: लोडरचा भार पेलणारी सब-फ्रेम मागच्या ॲक्सलपर्यंत न नेता क्लच हाउसिंगच्या बोल्टांवरच टांगलेली असे. आमच्याकडे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा जिग, म्हणजे भाग अचूक जागी धरून जोडायचा साचा, आहे. पहिला जिग माझे मेहुणे आणि त्या वेळचे भागीदार यांनी जाड प्लेटमध्ये स्वतः भोके मारून केला होता. चेसिसवर फ्रेम हातोडीने ठोकून बसवावी लागली, तर ती उतरवून पुन्हा करायची, हा त्यांचा दंडक आजही पाळला जातो.

त्या काळात आम्हाला तारले पेठ वडगावकडच्या एका वीटभट्टीवाल्या आण्णांनी. त्यांनी आमचे ऐकून शटलचा ट्रॅक्टर घेतला होता आणि भट्टीवर मातीचे काम विनातक्रार चालले होते. आमची अडचण कानावर जाताच त्यांनी दुसऱ्या लोडरची सगळी रक्कम आगाऊ दिली आणि ओळखीच्या भट्टीवाल्यांना आमच्याकडे आणले. पुढची वर्षे सुरळीत गेली.

नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की लोडर रोज चालणार असेल तर निदान सिंक्रो शटल घ्यावे. स्टिअरिंगजवळच्या दांड्याने दिशा बदलते आणि मागेही पुढच्याइतकेच गिअर मिळतात; मात्र यात क्लच दाबावाच लागतो. पॉवर शटलमध्ये तेलात बुडालेल्या क्लचपट्ट्या हायड्रॉलिक दाबाने धरतात, त्यामुळे दिशा बदलताना पायाने क्लच दाबावा लागत नाही. दिवसभर भरणीचे काम असलेल्यांनी जास्त पैसे मोजून तेच घ्यावे, पण तेल आणि फिल्टर वेळेवर बदलण्यात कसूर करू नये. हायड्रोस्टॅटिक चालवायला सर्वांत सोपे आहे. तथापि त्यात शक्ती उष्णतेत वाया जाते, म्हणून गोठ्यातील शेण उचलण्यापुरते ते ठीक, वजनदार ओढकामाला नव्हे. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरील ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर त्यांच्या किमती चढल्या आणि बरेच जण त्याखालच्या ट्रॅक्टरकडे वळले. एचपीत काटकसर चालेल. गिअरबॉक्समध्ये ती करू नये.

साधा ट्रॅक्टर आधीच दारात असेल तर निदान लोडरचा पंप क्रँक पुलीवरून वेगळा चालवावा. काही जुन्या ट्रॅक्टरांत मूळ पंप पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारे फिरवणाऱ्या, शाफ्टवर असतो. सिंगल क्लच दाबला की तोही थांबतो आणि भरलेली बकेट अर्ध्यावर अडकते. ठेकेदाराच्या ट्रॅक्टरांना आम्ही असा वेगळा पंप आधी पदरचे पैसे घालून बसवून दिला होता, आणि त्याचे बिलही अद्याप येणेच आहे.