चार टनांचं धूड, सहाशे किलोंचा हौदा

अमेरिकेतल्या लेकाने फोनवर 'ट्रक घेतोय' म्हटलं, की ठाण्यातल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला: 'नोकरी सोडून ट्रान्सपोर्टचा धंदा काढतोस की काय?' तर आधी शब्दाचा घोळ निस्तरू. इथे ट्रक म्हणजे पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी. तिने लोक ऑफिसला जातात, मुलांना शाळेत सोडतात, हौद्यात कधी खताची पोती टाकतात तर कधी नुसतीच हवा वाहून नेतात. २०२१ मध्ये रिव्हियन आर१टी आणि हमर ईव्ही आल्या, २०२२ मध्ये फोर्डची एफ-१५० लाइटनिंग, २०२३ च्या नोव्हेंबरअखेर टेस्लाचा सायबरट्रक. तेव्हापासून हेच धूड विजेवरही धावू लागलं आणि न्यू जर्सीतलं एडिसन, टेक्सासमधलं डॅलस इथल्या मराठी घरांतही 'घ्यावा का?' ही चर्चा सुरू झाली.

मोहात पडण्याआधी एक तुलना. वाशीच्या एपीएमसीत किंवा वागळे इस्टेटमध्ये 'छोटा हत्ती' रोज दिसतो. २०२२ मध्ये त्याची विजेवरची आवृत्ती आली, टाटा एस ईव्ही. बॅटरी २१.३ युनिटांची, भारक्षमता ६०० किलो. (इथले आकडे किलोवॅट-तासात असतात, पण एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलातलं एक युनिट, म्हणून युनिटच म्हणू.) आता हमर ईव्हीचा पहिला पिकअप घ्या. बॅटरी सुमारे २१२ युनिटांची, म्हणजे एसी फारसा न लागणाऱ्या महिन्यात ठाण्यातल्या टू-बीएचकेला महिनाभर पुरेल एवढी वीज. गाडीचं वजन सुमारे ४,१०० किलो. त्यात एकट्या बॅटरीचं वजन १,३०० किलोच्या वर, म्हणजे जवळजवळ दीड वॅगनआर. आणि भारक्षमता? सुमारे ५९० किलो. दहापट बॅटरी वाहून हा हत्ती छोट्या हत्तीएवढंच ओझं उचलतो.

अर्थात छोटा हत्ती तीन सेकंदांत शंभराच्या जवळ जात नाही, आणि एका चार्जवर पाचशे किलोमीटरही जात नाही. हमर हे दोन्ही करते. पण बॅटरीतली बरीचशी वीज बॅटरीलाच हिंडवण्यात जाते, हे डोक्यात ठेवलं की पुढचे बहुतेक फायदे-तोटे आपोआप उलगडतात.

भारक्षमतेचं गणित शोरूममध्ये कोणी करून दाखवत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळी-पांढरी चिठ्ठी असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर छापलेलं असतं. पंचाहत्तर किलोंची पाच माणसं बसली की ३७५ किलो तिथेच संपले. हमरमध्ये मागे उरले दोनशेच्या आसपास. ट्रेलर ओढायचा असेल तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर येतो आणि तोही याच आकड्यातून वजा होतो. मॉडेल जितकं महाग, काचेचं छत आणि मोठी चाकं जितकी जास्त, तितका हा आकडा खाली येतो. जाहिरातीतला आकडा बहुधा सर्वांत साध्या मॉडेलचा असतो. त्यामुळे जी गाडी घ्यायची, तिचीच चिठ्ठी वाचावी.

आता मोह कशाचा, तेही मोकळेपणाने सांगायला हवं. वेग हा भाग आठवडाभरात जुना होतो. हमरची चारही चाकं वळतात आणि ती खेकड्यासारखी तिरकी चालते. ते पाहुण्यांना दाखवायला बरं. खरी कामाची गोष्ट म्हणजे गाडीतून बाहेर मिळणारी वीज. लाइटनिंगच्या वरच्या मॉडेलांत ९.६ किलोवॅटची सोय असते, त्यातले २.४ पुढच्या डिकीतल्या सॉकेटांना आणि बाकीचे ७.२ केबिन आणि हौद्याकडे. हौद्यात २४० व्होल्टचं ३० अँपियरचं सॉकेटही मिळतं. इंजिन नसल्याने पुढे ४०० लिटरची डिकी मिळते, तिला खाली पाणी जायला छिद्रं असतात. बर्फ भरून सरळ तिच्यातच पेयं गार करता येतात. गणेशोत्सवाला मैदान भाड्याने घेतलं आणि साउंड, दिवे, दोन-तीन इंडक्शन चालवायचे असले, तर जनरेटरची धडधड आणि धूर दोन्ही वाचतात.

घराला बॅकअप हा याच्याही पुढचा टप्पा. इथलं सरासरी घर दिवसाला ३० युनिटांच्या आसपास वीज खातं, तेव्हा लाइटनिंगची १३१ युनिटांची मोठी बॅटरी तीन-चार दिवस घर ओढू शकते. वादळाने झाडं तारांवर पडली की न्यू जर्सीत दोन-दोन दिवस वीज नसणं नवलाचं नाही. पण त्यासाठी नुसती गाडी पुरत नाही. दोन्ही दिशांनी वीज नेणारा ८० अँपियरचा चार्जर, इन्व्हर्टर, आणि ग्रिड गेल्यावर घराला बाहेरच्या तारांपासून तोडणारा स्विच असा संच बसवावा लागतो. बसवण्याची मजुरी संचाच्या किमतीला गाठते, कधी ओलांडतेही. कोणी दोन्हीकडे पिन असलेली वायर बनवून भिंतीतल्या सॉकेटमधून उलटी वीज द्यायचा जुगाड सुचवला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. ती वीज रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेऊ शकते.

सगळ्यांत जास्त गफलती घरच्या चार्जिंगमध्ये होतात. इथलं साधं सॉकेट १२० व्होल्टचं. त्यातून सलग १२ अँपियर घेता येतात, म्हणजे जेमतेम १.४ किलोवॅट. लाइटनिंगची मोठी बॅटरी रिकामी असेल तर तिला चार दिवसांहून जास्त लागतात, हमरला आठवडा. म्हणून २४० व्होल्टची वेगळी लाइन घ्यावीच लागते. तासन् तास चालणाऱ्या लोडला ब्रेकरच्या ८० टक्केच अँपियर घ्यायचे, हा इथला नियम. ५० च्या ब्रेकरवर ४० अँपियर, म्हणजे ९.६ किलोवॅट. ६० च्या ब्रेकरवर ४८, म्हणजे ११.५. आणि १०० च्या ब्रेकरवर ८०, म्हणजे १९.२ किलोवॅट.

जुन्या घरांचा अख्खा मेन स्विचच १०० अँपियरचा असतो. तिथे मोठा चार्जर लावायचा तर पॅनेल २०० चं करायला काही हजार डॉलर मोजावे लागतात. बहुतेकांना त्याची गरज नसते. रोज साठ किलोमीटर फिरणाऱ्या लाइटनिंगला भिंतीतून सुमारे १८ युनिटं लागतात, ९.६ किलोवॅटवर ती दोन तासांत भरतात आणि रात्र आठ तासांची असते. पॅनेल तोकडं असेल तर घरचा लोड पाहून चार्जरचे अँपियर आपोआप कमी करणारं उपकरण मिळतं. ते पॅनेल बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चुका कुठे होतात? एक, वायर. भिंतीत ओढायची प्लॅस्टिक आवरणाची केबल सहा गेजची असेल तर ती ५५ अँपियरच्या वर धरत नाही, आणि ४८ अँपियरच्या चार्जरला ६० ची वायर हवी. म्हणून चार गेजची केबल घ्यायची (गेजचा आकडा लहान, तितकी तार जाड), किंवा सहा गेजच्या सुट्या तारा पाइपातून न्यायच्या. स्वस्तातला कंत्राटदार नेमकं इथेच वाचवतो. दुसरी चूक सॉकेटची. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्त ५० अँपियरचं सॉकेट विजेच्या शेगडीसाठी बनलेलं असतं. शेगडी तासाभरात बंद होते. ट्रक मात्र रात्रभर ४० अँपियर खेचतो. ढिला स्क्रू तापतो, प्लॅस्टिक वितळतं. सॉकेट टाळून चार्जर थेट वायरला जोडून घ्यावा, स्क्रू टॉर्क मोजून आवळायला सांगावेत आणि टाऊनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट काढावं. परमिट नसेल तर आग लागल्यावर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते.

गॅरेज मोजलं का, हा प्रश्न गाडी बुक झाल्यावर आठवतो. लाइटनिंग ५.९१ मीटर लांब आहे. इथलं नेहमीचं गॅरेज २० फूट, म्हणजे ६.१० मीटर खोल. उरले १९ सेंटिमीटर. त्यात मागे कपाट किंवा पाण्याचा हीटर असेल तर दार लागत नाही. रुंदी आरशांशिवाय २.०३ मीटर आणि आरसे उघडे धरून २.४४, एका गाडीचं दार बरेचदा आठ फुटी, म्हणजे नेमकं २.४४. आरसे मिटल्याशिवाय आत जाणं नाही. आपल्याकडच्या सोसायटीत पार्किंगची चौकट साधारण अडीच बाय पाच मीटरची असते. तिथे हा ट्रक जवळजवळ मीटरभर रस्त्यात येईल आणि चेअरमन दुसऱ्याच दिवशी नोटीस लावतील. घोडबंदर रोडच्या टॉवरांतल्या स्टॅक पार्किंगच्या पाट्या बहुतेक ठिकाणी दोन-अडीच टनांच्या. चार टनांचं नावच नको.

वजनाचा त्रास टायरवाल्याकडेही होतो. गाडी उचलायच्या दोन खांबी लिफ्टची क्षमता पुष्कळ ठिकाणी १०,००० पौंड असते आणि हमर एकटीच ९,००० च्या वर. लहान दुकानं नाही म्हणतात. शिवाय खाली सपाट बॅटरी असल्याने जॅक ठरलेल्या बिंदूंवरच लावावा लागतो. भलतीकडे लावला तर बॅटरीच्या आवरणाला पोचा पडतो. टायर लवकर झिजतात, आणि ३५ इंची टायर एकेक तीनशे डॉलरच्या वर जातो.

ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी एकच वाक्य: उंच ट्रेलर लावला की एका चार्जवरचा पल्ला साधारण निम्मा होतो. याला वजनापेक्षा समोरून आदळणारा वारा जास्त कारणीभूत असतो, म्हणून हलका पण उंच कॅम्परसुद्धा (आत राहायची सोय असलेला ट्रेलर) जड पण बुटक्या ट्रेलरपेक्षा महागात पडतो. बहुतेक चार्जिंग स्टेशनांवर गाडी नाकाने आत घालावी लागते, त्यामुळे दर दीडशे-दोनशे किलोमीटरला ट्रेलर सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा. टेस्लाच्या स्टेशनांवर २०२४ पासून अ‍ॅडॉप्टर लावून फोर्ड चार्ज होते, पण तिथली केबल आखूड. फोर्डचं तोंड डाव्या बाजूला पुढे, त्यामुळे ट्रक शेजारची जागा अडवतो आणि मागचा टेस्लावाला हॉर्न वाजवतो. शून्याखालच्या थंडीत पल्ला आणखी घटतो. निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच केबिन तापवून घेतली तर थोडा वाचतो.

पैशाचा हिशेब घरी चार्ज करता की रस्त्यावर, यावर फिरतो. लाइटनिंगला शंभर मैलांना भिंतीतून सुमारे ४८ युनिटं लागतात. घरी २० सेंट युनिट धरा, साडेनऊ डॉलर झाले. रस्त्यावर ५५ सेंट धरा, सव्वीस डॉलर. पेट्रोलची तेवढीच गाडी गॅलनला २० मैल देते असं धरलं आणि पेट्रोल सव्वातीन डॉलर, तर सव्वासोळा. म्हणजे ज्याला घरी चार्जिंग नाही, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, त्याला हा ट्रक पेट्रोलपेक्षा महाग पडतो. अशांनी तो घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुने लेख वाचून सवलतींवर विसंबू नका. साडेसात हजार डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपली. ८०,००० डॉलरच्या वरच्या ट्रकला ती तेव्हाही नव्हती. न्यू जर्सीत विक्रीकराची सूटही जुलै २०२५ पासून गेली, आता पूर्ण ६.६२५ टक्के. वर जुलै २०२४ पासून इलेक्ट्रिक गाडीला वर्षाला जादा शुल्क आहे, सुरुवातीला २५० डॉलर आणि दरवर्षी दहाने वाढत २०२८ ला २९० होणारं. नव्या गाडीची नोंदणी चार वर्षांची एकदम होते, म्हणजे हजाराच्या वर रक्कम पहिल्याच दिवशी. आणि डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने निव्वळ विजेवरची लाइटनिंग थांबवून पुढची आवृत्ती पेट्रोल जनरेटरसह आणायचं जाहीर केलं. वापरलेला ट्रक स्वस्तात मिळायला हे बरं, नवा घेऊन तीन वर्षांत विकणाऱ्याला वाईट.

आईवडिलांना काळजी असते सुरक्षेची. आत बसलेल्यांसाठी जड गाडी चांगलीच, प्रश्न बाहेरच्यांचा. नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी रिव्हियन ट्रक महामार्गाच्या कडेच्या पोलादी कठड्यावर आदळवून पाहिला, तो कठडा फाडून फारसा न मंदावता पलीकडे गेला. ते कठडे सुमारे ५,००० पौंडांच्या गाड्या धरून बनवलेले, आणि हा ट्रक ७,००० च्या वर. अमेरिकेतल्या विम्याशी संबंधित महामार्ग सुरक्षा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांखाली पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. चाळीस इंच म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याइतकी उंची. घरापुढच्या उतारावर मुलं खेळत असतील तर पुढचा कॅमेरा असलेलंच मॉडेल बघावं.

'परत येताना इकडे आणता येईल का?' हाही प्रश्न नेरूळहून, कोपरखैरण्याहून हमखास येतो. नाही. भारतात आयात करायच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि हे ट्रक डावीकडचे. ४०,००० डॉलरच्या वरच्या नव्या गाडीवर २०२५ मध्ये शुल्क आणि उपकर मिळून ११० टक्के होते. चार्जिंगचं तोंडही वेगळं. आपल्याकडे टाइप-२ आणि सीसीएस-२ चालतं.

ज्यांना वर्षातून चार वेळा लाकडी फळ्या, मातीची पोती किंवा सोफा आणायचा असतो, त्यांच्यासाठी होम डेपोसारख्या दुकानात पिकअप तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतो. वाहन परवाना आणि क्रेडिट कार्ड लागतं. निघताना हौद्यातले ओरखडे मोबाइलवर टिपून घ्यावेत आणि परत करताना टाकी भरून द्यावी.