एकीकडे एनव्हीएमई, दुसरीकडे फ्लॉपी: ड्रायव्हर भरण्याचा पंधरवडा

शुक्रवार रात्र

भाच्याचा नवा लॅपटॉप टेबलावर आला. इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क), विंडोज नाही, फुकटचं फ्रीडॉस. चार पैसे वाचतात म्हणून मीच तसा घ्यायला सांगितलं होतं, त्यामुळे "मामा, आता तूच टाकून दे" हे ओघानं आलंच. विंडोज ११ चा पेनड्राइव्ह तयार होता. बूट झालं, भाषा निवडली, आणि डिस्क निवडायची चौकट कोरीच. शिफ्ट-एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि डिस्क दाखवणाऱ्या डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' दिलं. यादीत फक्त माझाच पेनड्राइव्ह.

पहिली शंका अर्थातच एसएसडी बसवताना ढिली राहिली असेल. पण बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंगच्या) माहितीच्या पानावर तिचं नाव नीट दिसत होतं. मग लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला, तर डिस्क लगेच हजर. म्हणजे डिस्क जागेवर आहे, फक्त विंडोजच्या इन्स्टॉलरला तिच्यापर्यंतची वाट ठाऊक नाही.

वाट अडवणारा आहे व्हीएमडी, म्हणजे डिस्क आणि विंडोजच्या मध्ये बसणारा इंटेलचा कंट्रोलर. आधी हे सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरमध्ये होतं, इंटेलच्या अकराव्या पिढीपासून लॅपटॉपमध्ये आलं. हे चालू असलं की एनव्हीएमई जोडलेल्या उपकरणांच्या नेहमीच्या (पीसीआय) यादीत स्वतंत्र दिसत नाही, व्हीएमडी कंट्रोलरच्या पोटात जाते. विंडोजकडे एनव्हीएमईचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) ८.१ पासून आहे, पण बाहेरचा दरवाजाच उघडता येत नसेल तर आतल्या खोलीची किल्ली काय कामाची? लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीपासून आहे, म्हणून तिथे काही करावं लागलं नाही.

शनिवार

इथे मी दोन चुका केल्या, दोन्ही टाळता आल्या असत्या. व्हीएमडीचा ड्रायव्हर इंटेलच्या आरएसटी या संचात असतो; त्याची ईएक्सई फाइल उतरवून तशीच पेनड्राइव्हवर टाकली. 'लोड ड्रायव्हर' दाबून फोल्डर दाखवला, काही नाही. इन्स्टॉलरला ईएक्सई किंवा झिप समजत नाही, त्याला सुटी आयएनएफ फाइल आणि तिच्या शेजारची एसवायएस फाइल लागते. मग जुन्या, दहाव्या पिढीच्या मशीनसाठी ठेवलेला सुटा ड्रायव्हर दिला. यादी रिकामी. 'न जुळणारे ड्रायव्हर लपवा' ही खूण काढली तेव्हा नावं आली, त्यातलं एक रेटून भरलंही. डिस्क नाहीच. ती खूण काढू नका, ती तुमच्या भल्यासाठीच आहे.

शेवटी १९ व्या मालिकेतलं आरएसटी घेतलं, दुसऱ्या विंडोज मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या ईएक्सईला 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' हा स्विच आणि फोल्डरचं नाव दिलं. व्हीएमडी नावाचा फोल्डर सुटा मिळाला. तो पेनड्राइव्हवर टाकून दाखवल्याबरोबर यादीत एकच ओळ: इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ४६७एफ. अकराव्या पिढीत हाच आकडा ९ए०बी असतो. 'नेक्स्ट' दाबलं, पाचेक सेकंद गोल फिरला, आणि ४७६.९ जीबीची कोरी जागा समोर.

पुढे वाय-फायचा ड्रायव्हर नव्हता आणि विंडोज ११ इंटरनेटशिवाय हलेना. फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग केलं, दोन मिनिटांत सुटलं.

सगळं झाल्यावर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायची सोय दिसते का ते पाहिलं. दिसत नव्हती. या लॅपटॉपच्या 'मेन' पानावर कंट्रोल-एस दाबल्यावर ती ओळ प्रकट झाली. हे मला कुठल्याही कागदावर सापडलं नव्हतं! एकच एसएसडी आणि रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणं) करायचं नाही, अशा घरच्या मशीनला व्हीएमडीचा मला तरी उपयोग दिसत नाही. पुढच्या वेळी इन्स्टॉलच्या आधीच बंद करणार. आता मात्र हात लावलेला नाही. भरलेल्या विंडोजखाली ते बदललं की विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडतं. आधी बीसीडीएडिट या कमांडनं सेफ मोड लावून, मग बायोसमध्ये बदल करून, सेफ मोडमध्येच बूट करून, मग नेहमीच्या मोडवर परत यावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणं) चालू असेल तर आधी तो थांबवणं आलं, नाहीतर रिकव्हरी की शोधत बसा.

रविवार

हे सगळं करताना हसू येत होतं, कारण शेजारच्या टेबलावर माझी विंडोज एक्सपीची जुनी पेटी हाच खेळ गेले दोन रविवार खेळतेय. कोअर टू ड्युओ, आयसीएच९आर चिपसेट. साटा (डिस्कची जोडणी) आयडीई या जुन्या मोडवर ठेवला तर एक्सपी बिनबोभाट बसते, पण मग एनसीक्यू, म्हणजे डिस्कनं कामं सोयीच्या क्रमानं लावणं, जातं, आणि मला एएचसीआय हा नवा मोडच हवा होता. एक्सपीच्या एसपी३ (सर्व्हिस पॅक ३) सीडीतही एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. तो द्यायचा फ्लॉपीवरून, आणि फ्लॉपी ए: मध्येच. ड्राइव्ह जुन्या बाजारातून आणला होता, चौतीस पिनांची केबल माझ्याकडे होतीच.

सेटअपच्या निळ्या पडद्यावर तळाशी 'बाहेरचा ड्रायव्हर द्यायचा तर एफ६ दाबा' ही ओळ येते ती जेमतेम काही सेकंद. दाबलं तरी लगेच काही होत नाही, म्हणून पहिल्यांदा वाटतं हुकलं. थोड्या वेळानं विचारतं, तेव्हा एस दाबायचं. फ्लॉपीवरची टीएक्सटीसेटअप.ओईएम ही फाइल वाचून कंट्रोलरांची यादी येते. तिथे मी घाईत एएचसीआयऐवजी रेडची ओळ निवडली आणि स्टॉप ०x७बी (बूटची डिस्क सापडत नाही ही चूक) पाहिला. दुसऱ्या खेपेला ओळ बरोबर निवडली, पण फ्लॉपी काढून ठेवली. डिस्क फॉरमॅट झाल्यावर फायली उतरवताना सेटअप ती पुन्हा मागतो! आणि परत घातली तेव्हा घरघरली, वाचलीच नाही.

आज तिसरी खेप. त्याच फायली दुसऱ्या फ्लॉपीवर काढल्या, शेवटपर्यंत आतच ठेवली. पावणेअकराला डेस्कटॉप आला. पहिली फ्लॉपी पूर्ण तपासली तर तीन सेक्टर खराब. नव्या फ्लॉपीचीही प्रत काढायची आहे, पण कोऱ्या आता दोनच उरल्यात.