हापारांडा ते टोर्नियो : एका चौकातले दोन देश

जूनमधली रात्र. स्वीडनच्या हापारांडात अकरा वाजलेले, चार पावलांवर फिनलंडच्या टोर्नियोत बारा, आणि ऊन दोन्हीकडे सारखंच. चालत चालत देश बदलला. चौकी नाही, शिक्का नाही, फक्त खिशातल्या क्रोनांचा उपयोग संपला आणि युरो काढावे लागले.

उत्तरेकडच्या या लोकांना एकत्र बांधतं काय, हा प्रश्न घेऊनच मी निघालो होतो. आधी वाटलं, भाषा. कोपनहेगनच्या बेकरीत एका स्वीडिश गिऱ्हाइकाला विक्रेतीने पन्नासचा डॅनिश आकडा सांगितला, 'हॅल्ट्रेस', आणि तो बघतच राहिला. त्याच्याकडे साधं सरळ 'फेमटियो'. हॅल्ट्रेसच्या मुळाशी आहे 'अर्धा-तिसरा गुणिले वीस', म्हणजे चक्क आपल्या आजीचं अडीच विसा! आपला 'अडीच'ही 'अर्धतृतीय'मधूनच आलाय. मला कोण आनंद झाला! पुढे दोघं आपापल्या भाषेत बोलत राहिले आणि व्यवहार झाला.

पण टोर्नियोत हे उत्तर पुरत नाही. फिनिश ही डॅनिश-स्वीडिशच्या कुळातली भाषाच नाही. या सगळ्या देशांच्या झेंड्यावरचा क्रूस म्हणावा, तर याच उत्तरेत सामी लोक राहतात, या सगळ्या सीमांच्या आधीपासून, आणि त्यांच्या झेंड्यावर वर्तुळ आहे.

१८०९ पर्यंत इथल्या सीमेवरच्या टोर्न नदीचे दोन्ही काठ स्वीडनचेच होते. युद्धात फिनलंड रशियाकडे गेलं आणि नदीच्या दोन काठांवरची सोयरीक दोन राज्यांत विभागली गेली. स्वीडनच्या काठावर राहिलेल्यांच्या बोलीचं नाव 'मेऍनकिएली', शब्दशः 'आपली भाषा'. कॅफेत भेटलेल्या सत्तरीच्या बाई म्हणाल्या, "वडिलांना शाळेत ही बोलायची बंदी होती." २००० साली स्वीडनने तिला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता दिली. फार उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं.

१९५२ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडने एकमेकांच्या नागरिकांसाठी पासपोर्टची अट काढली, १९५४ मध्ये नोकरीसाठी परवान्याची. युरोपातल्या देशांमधली सीमेवरची तपासणी काढणारा शेंगेन करार त्यानंतर तीस वर्षांनी आला. मला तरी नातं इथे दिसलं. शेजारच्या देशात कामाला जायचं आणि संध्याकाळी आपल्या घरी यायचं, यात इथे कुणाला विशेष वाटत नाही. बाईंची सगळी नोकरी टोर्नियोत झाली, संसार हापारांडात.

"२०२० मध्ये कोविड आला, तेव्हा इथे कुंपण घातलं होतं," त्यांनी खिडकीतून चौकाकडे बोट दाखवलं. "बहीण पलीकडे, मी अलीकडे. आम्ही खुर्च्या आणायचो, थर्मासमधून कॉफी. रोज."

"किती वाजता?"

"तिच्या चारला, माझ्या तीनला."