स्वतःचं डीएफ : टक्के जुळले, आता अडकलेलं माउंट

डीएफ म्हणजे डिस्कवर किती जागा भरली, किती मोकळी ते दाखवणारी लिनक्सची कमांड. सी मध्ये लिहीत असलेलं माझं स्वतःचं छोटं डीएफ आता बऱ्यापैकी चालून राहिलं आहे. जागेचे आकडे देणाऱ्या स्टॅटव्हीएफएस फंक्शनला पाथ आणि आकडे भरून घ्यायच्या स्ट्रक्टचा पत्ता द्यायचा, शून्य परत आलं की आकडे हातात. एवढ्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नागपूरच्या उन्हात दुपारी लॅपटॉप तापून बसतो, त्यामुळे काम सकाळीच. पण जागा किती भरली त्या टक्क्यांत जी गंमत आहे, ती सांगतोच.

डिस्कची जागा ब्लॉक नावाच्या सारख्या तुकड्यांत मोजतात. मोकळ्या ब्लॉकसाठी स्ट्रक्टमध्ये दोन आकडे असतात. एफ_बीफ्री म्हणजे खरोखर रिकामे ब्लॉक, एफ_बीअ‍ॅव्हेल म्हणजे त्यातले साध्या युजरला मिळणारे. मधला फरक रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरसाठी राखीव. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवताना वेगळं सांगितलं नाही तर एकूण जागेच्या ५ टक्के. समजा एकूण १००० ब्लॉक, बीफ्री ४००, बीअ‍ॅव्हेल ३५०. वापरलेले झाले ६००. सरळ १००० ने भागलं तर ६० टक्के येतात. लिनक्सचं डीएफ मात्र ६४ दाखवतं! ते राखीव ब्लॉक हिशेबात धरतच नाही : ६०० भागिले ९५०, म्हणजे ६३.१६, आणि अपूर्णांक नेहमी वरच्या आकड्यात नेतं. मला हेच बरोबर वाटतं. युजरची जागा संपली की १०० दिसायला पाहिजे, ९५ पाहून तो काय करणार? नुसत्या सिनेमे-फोटोंच्या १ टीबी डिस्कवर मात्र ५० जीबी रूटसाठी अडकवणं म्हणजे चैन आहे. ट्यून२एफएस कमांडने ते कमी करता येतं.

ब्लॉकचे बाइट करायला गुणाल तेव्हा ब्लॉकचा आकार म्हणून स्ट्रक्टमधला एफ_एफआरसाइज घ्या, एफ_बीसाइज नाही. जुनं ३२ बिटचं मशीन असेल तर गुणाकाराच्या आधीच ६४ बिटमध्ये कास्ट करा, नाहीतर ४ जीबीला आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. प्रॉक ही डिस्कवर नसलेली, कर्नलची आभासी फाइल सिस्टिम; तिचे सगळे ब्लॉक शून्य, तिथे भागाकार न करता नुसती आडवी रेघ छापतो.

फाइल सिस्टिमचा प्रकार स्टॅटव्हीएफएस सांगत नाही, लिनक्सचं स्टॅटएफएस एफ_टाइपमधून सांगतं. पण ईएक्सटी२, ३ आणि ४ तिघांचाही आकडा एकच, दशमानात ६१२६७! म्हणून नाव सरळ माउंटच्या, म्हणजे सिस्टिमला जोडलेल्या फाइल सिस्टिमच्या यादीतून उचललं. त्या यादीच्या ओळी हाताने तोडू नका बे, गेटएमएनटीएंट फंक्शन वापरा. पेनड्राइव्हच्या नावात मोकळी जागा असली तर यादीत तिथे उलटी तिरकी रेघ आणि ०४० येतं. हे फंक्शन ते परत नीट करून देतं.

आयनोडचा रकानाही टाकला. आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलची नोंद. बारीक फायलींनी आयनोड संपले की जागा असूनही नवी फाइल बनत नाही, तेव्हा तो कामी येतो. पेनड्राइव्हचं फॅट आणि लिनक्सचं बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम तिथे शून्य देतात.

आता राहिलं नेटवर्कचं माउंट. नेटवर्कवरून फायली देणारा पलीकडचा एनएफएस सर्व्हर बंद असला की स्टॅटव्हीएफएस परतच येत नाही, सगळा प्रोग्राम थांबतो. प्रत्येक नेटवर्क माउंटसाठी फोर्क करून, म्हणजे प्रोग्रामची प्रत काढून, त्या पोराला (नव्या प्रोसेसला) विचारायला पाठवायचं, उत्तर पाइपमधून घ्यायचं आणि बापाने (मूळ प्रोसेसने) पोल या कॉलवर उत्तराची वाट पाहत २ सेकंदच थांबायचं, असं ठरवलंय. सध्या तेवढंच लिहून राहिलो आहे.