तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या लीगमध्ये जोड्या चिठ्ठ्या टाकून का लावतात

आमच्या पॅडल लीगमध्ये आपला पार्टनर आपल्याला का निवडता येत नाही, हा प्रश्न मला मारुती मंदिरला भाजी घेताना विचारतात, दुकानात औषधं न्यायला आलेली माणसंही विचारतात. विचारणारे बहुतेक जण आमच्याकडे कधी ना कधी खेळून गेलेले असतात. त्यामुळे काच, जाळी, कमरेखालून करायची सर्व्हिस हे सगळं पुन्हा सांगत बसत नाही. पण ‘ताई, चांगल्या खेळाडूंना तुम्ही मागे ओढताय’ असं ज्यांनी मला तोंडावर ऐकवलं, त्यांना नीट उत्तर द्यायचं राहून गेलं आहे. ते आज देते.

आधी तुमचा मुद्दा मान्य करते, कारण तो खरा आहे. पॅडल हा टेनिससारखाच, पण काचा आणि जाळीने वेढलेल्या कोर्टवर खेळायचा जोडीचा खेळ आहे. वीस मीटर बाय दहा मीटरच्या त्या पिंजऱ्यात दोघांनी एकत्र नेटवर जायचं आणि एकत्र मागे यायचं. एक पुढे, एक मागे राहिला की मध्ये तिरकी फट पडते आणि समोरचे तिथेच चेंडू घालतात. दोघेही उजव्या हाताचे असतील तर डाव्या बाजूला उभ्या असलेल्याचा फोरहँड मध्ये येतो, म्हणून मधले चेंडू बहुतेक त्याचे. पण ‘बहुतेक’ म्हणजे नेमके कोणते, हे बोलून ठरत नाही. महिनोन्‌महिने सोबत खेळून ते अंगात येतं. दर पंधरा मिनिटांनी जोडीदार बदलला तर ते कधी येणार? हा प्रश्न तुमच्या आधी मीच विचारला होता. लीग सुरू करताना जोड्या कायम ठेवा म्हणून मीच सगळ्यांशी भांडले होते. त्या वेळचं माझं म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

आमचा हंगाम किती लहान आहे ते तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, उभं राहवत नाही असा पाऊस. पाऊस गेल्यावर जाळीचा गंज घासायचा, काचेच्या बुडाशी धरलेलं शेवाळ काढायचं, टर्फमधली ओली होऊन बसलेली वाळू मोकळी करायची, यात दिवाळी येते. एप्रिलपासून बागायतदार मंडळी आंब्याच्या पेट्यांत अडकतात. शिमग्यात कोणी मिळत नाही. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, तेही सगळे रविवार नाहीत. एवढ्यात ज्याला जोडी मिळाली नाही, त्याचं अख्खं वर्ष गेलं.

दुसऱ्या हंगामाला सतरा नावं आली. ग्रुपवर मी लिहिलं, आपापल्या जोड्या कळवा. संध्याकाळपासून दोन-दोन नावं पडू लागली. मित्रमित्र, नवराबायको, एका शाखेत काम करणारे दोघे. रात्री जेवणं होईपर्यंत आठ जोड्या झाल्या होत्या. उरले ते काका. एसटीतून निवृत्त झालेले, आमच्यातले वयाने सर्वांत मोठे.

ते कच्चे खेळाडू नव्हते, हे मुद्दाम सांगते. आपल्यातली पोरं चेंडू काचेपर्यंत जाऊच देत नाहीत, हवेतच झोडपतात. काका थांबायचे. चेंडू टप्पा घेऊन मागच्या काचेवर आदळून परत येईपर्यंत थांबायचे आणि मग उंच लॉब द्यायचे. नेटवर चढून बसलेल्या दोघांना उलटं धावायला लावायचं तर पॅडलमध्ये याहून चांगला फटका नाही. पण लॉब बघून कोणी टाळ्या वाजवत नाही. सगळ्यांना स्मॅश मारणारा जोडीदार हवा होता.

रात्री काकांनी ग्रुपवर विचारलं, ‘माझी जोडी कोणाबरोबर?’ त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी वाचलं होतं. निळ्या खुणा दिसत होत्या. मी लिहिलं, ‘काका, अजून एखादं नाव आलं की लावू.’ त्यांनी अंगठा पाठवला. अठरावं नाव आलं नाही.

तरी काका दर रविवारी आले. थंडीत सड्यावर दव पडतं, काच ओली राहते आणि चेंडू तिच्यावरून घसरतो. आम्ही पोचायच्या आत काकांनी वायपर मारून काच कोरडी केलेली असायची. वाळू झाडूने सारखी केलेली असायची. मग बाकावर बसून ते गुण सांगायचे. आमच्यासारख्या लीगला कुठला पंच. चेंडू काचेला आधी लागला की जमिनीला, यावरून हमरीतुमरी व्हायची, आणि काका सांगतील ते सगळे ऐकायचे. ‘काका आहेत म्हणून लीग चाललीय,’ असं सगळेच म्हणत. मीही म्हणत असे. अख्खा हंगाम त्यांच्या हातात एकदाही रॅकेट आली नाही.

फेब्रुवारीत त्यांची मुलगी दुकानात आली. बाबांच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि म्हणाली, ‘काकू, गुडघ्याला लावायला काहीतरी चांगलं द्या ना. बाबांचा गुडघा फार दुखतोय. तुमच्याकडे येऊन नुसते बसतात म्हणे, खेळवतच नाही.’

आदल्याच रविवारी काका स्टुलावर चढून वरची काच पुसत होते. मी नको नको म्हणत असताना दोन बादल्या पाणी त्यांनी विहिरीवरून आणलं होतं. मुलीला काय सांगायचं होतं मी? गुडघा धड आहे, कोणी सोबत घेतलं नाही? मी मलम दिलं, पैसे घेतले, सुटे परत केले.

‘एका माणसासाठी सगळी पद्धत फिरवलीत,’ असं तुम्ही म्हणता. नाही. पद्धत फिरवली ती आकड्यांकडे बघून. समजा, नऊ जणांच्या कायम जोड्या लावल्या तर चार जोड्या होतात आणि एक माणूस हंगामभर बाकावर बसतो. तेच नऊ जण पाळीपाळीने जोडीदार बदलत खेळले तर नऊ फेऱ्यांत प्रत्येक जण बाकी आठही जणांबरोबर एकदा-एकदा खेळतो, आणि प्रत्येक जण फक्त एकेका फेरीला बाहेर बसतो. हे वेळापत्रक मी शोधलेलं नाही, पत्त्यांच्या व्हिस्ट या खेळासाठी ते फार पूर्वीच मांडलं गेलं. आठ जण असले तर सात फेऱ्या आणि बाहेर कोणीच नाही. चिठ्ठी फक्त तुमचा नंबर ठरवते, पुढचं सगळं तक्ता ठरवतो. सामना चोवीस गुणांचा, आणि जोडीने मिळवलेले गुण दोघांच्याही नावावर वेगवेगळे चढतात. जगभर हौशी लोक याला अमेरिकानो म्हणतात आणि आनंदाने खेळतात.

आता तुम्ही म्हणाल, आनंदाने खेळतात ते एखादी संध्याकाळ, पाच महिने नाही. बरोबर आहे. आमची सर्वांत चांगली जोडी त्याच वर्षी बाहेर पडली. ते दोघे आता गाडी काढून गोव्याला खेळायला जातात आणि त्यांचा खेळ कुठल्या कुठे गेला आहे. त्यांना बघून नवी पोरं शिकली असती, तेही गेलं. कमी खेळणारा जोडीदार आला की काही जण मनापासून खेळत नाहीत, हे मला बाकावरून दिसतं. पण हेही दिसतं की अकरावीतली एक मुलगी, जिला कोणीही स्वतःहून निवडलं नसतं, सगळ्यांसोबत खेळून खेळून आता मधला चेंडू ‘माझा’ म्हणून ओरडते आणि घेते. यातलं जड काय आणि हलकं काय, हे मला ठरवता आलेलं नाही. ज्यांना ते लगेच ठरवता येतं त्यांच्याशी माझं जमत नाही.

काका परत आले नाहीत. नवी पद्धत ठरल्यावर मी घरी जाऊन सांगितलं, आता कोणी उरत नाही, तुम्ही या. मुलगी चहा घेऊन बाहेर आली होती. तिच्यासमोर काका म्हणाले, ‘आता गुडघा ऐकत नाही गो.’ यावर मी काय बोलणार?

गोव्याला जाणाऱ्या त्या दोघांचा निरोप आला आहे: महिन्यातला एक रविवार कायम जोड्यांसाठी ठेवा, आम्ही परत येतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा त्याला पाठिंबा आहे, आणि मला तो प्रस्ताव वाईट वाटत नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. नावं विषम आली तर उरलेल्या माणसाला त्या रविवारी कोण सोबत घेणार, एवढं त्यांनी मला आधी लिहून द्यावं, नावानिशी. मग दिवाळीच्या बैठकीत बोलू.