साडेपाच सेंटिमीटर

मे महिन्यात धुळ्याच्या आमच्या जिम्नॅस्टिक्स केंद्रात सराव पहाटे साडेपाचला सुरू करावा लागतो, कारण नऊनंतर छताचे पत्रे इतके तापतात की तळहातांना लावलेली मॅग्नेशियमची पांढरी पूड घामाने ओली होते आणि बारवरची पकड सुटू लागते.

त्या सकाळी अकरा वर्षांची एक मुलगी बॅलन्स बीमवर उभी होती. बीम जमिनीपासून सव्वा मीटर उंच, पाच मीटर लांब आणि अवघा दहा सेंटिमीटर रुंद असतो. मागची फ्लिक, म्हणजे मागे झेप घेऊन हात टेकत पुन्हा पायांवर येण्याची उडी, ती कित्येक महिने बिनचूक मारत होती; आता मात्र ती हात वर घेई, गुडघे वाकवी आणि तिथेच थबके. हे आठवडाभर चालले होते आणि आदल्या दिवशी मी तिला चौघींसमोर ‘भित्री’ म्हणाले होते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला हवेत असताना आपल्या शरीराचा अंदाज येईनासा झाला आणि तिने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली, हे याच मुलींना मी कळकळीने सांगितले होते; माझ्या समोरच्या मुलीच्या बाबतीत मात्र मला ते आठवले नाही, याची खंत आजही वाटते.

सोडायला आलेले तिचे वडील दाराशीच घुटमळत होते. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात. संकोचत म्हणाले, “ताई, पोर रातले झोपत नही, मनगट दाबत बसस.”

मी तिला खाली उतरवले आणि उंची मोजली. दर महिन्याला उंची-वजन लिहून ठेवायचे, हे मी पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकत असताना मनाशी ठरवले होते. पण स्पर्धांच्या गडबडीत जानेवारीनंतरचे रकाने कोरेच राहिले होते. जानेवारीत १३४ सेंटिमीटर होती, आता १३९.५ भरली.

पाय, धड आणि हात लांबले होते, पण फ्लिकमध्ये हात कधी आणि कुठे टेकायचे याची तिच्या अंगातली सवय जुन्याच उंचीची होती. जमिनीवर बोटभर चूक खपून जाते, दहा सेंटिमीटरच्या पट्टीवर तीच चूक पंजा घसरवते. म्हणून ती मॅटवर बिनधास्त होती आणि बीमवर थिजत होती. दुखणेही समजण्यासारखे होते. वाढत्या वयात मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा थर अजून नाजूक असतो आणि फ्लिकमध्ये साऱ्या अंगाचा भार धक्क्यासह तिथेच येतो. हातांवर भार येणारे सगळे काम मी त्याच क्षणी थांबवले, वडिलांना तिला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितले आणि त्याच चौघींसमोर तिची माफी मागितली.

डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीच्या काळात ती बीमवर फक्त चालली, वळली आणि लहान उड्या मारत राहिली. परवानगी मिळाल्यावर आम्ही निळ्या मॅटवर बीमच्या रुंदीची पट्टी आखली, तिच्या तळहातांना भरपूर पूड लावली आणि मी कमरेला आधार देऊन तिला पहिली फ्लिक मारायला लावली. मॅटवर दोन पांढरे पंजे उमटले. ती लगेच वाकून पाहू लागली. डावा पंजा पट्टीवर होता, उजवा अजून बोटभर बाहेर. तिने ओल्या फडक्याने दोन्ही ठसे पुसले आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली.