पुल बॉक्समधलं बाळंतपण

ऑगस्टमध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात पाऊस येतो तो बहुतेक संध्याकाळी, धुळीचे लोट पुढे घालून. रात्री असाच कोसळून गेला होता. सकाळी लवकरच आम्ही गिला बेंडजवळच्या सोलर प्लांटवर केबल तपासायला निघालो. दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून जमिनीलगतची कामं आधी उरकायची.

जमिनीत गाडलेल्या पुल बॉक्सचं, म्हणजे केबल ओढायच्या पेटीचं, झाकण हाताने उघडायचं नाही, हा साइटवरचा पक्का नियम. माझ्या जोडीच्या मेक्सिकन इलेक्ट्रिशियनने लांब आकड्याने झाकण ओढलं आणि आतून चरचर सुरू झाली. लाइन बंद केलेली असूनही माझ्या मनात आधी आर्किंगच, म्हणजे विजेच्या ठिणग्याच, आल्या. त्याने माझा दंड धरला. "मागे ये. सावकाश."

लांबूनच टॉर्च मारला. केबलवर वेटोळं घालून वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेक बसली होती. शेपटीवर काळे-पांढरे पट्टे, आणि टोकाचा खुळखुळा इतका वेगात हलत होता की त्याच्या कड्या वेगळ्या दिसेनात. तिच्या अंगाखालून बोटाएवढी जाड पिल्लं डोकी काढत होती. पाच मोजली, मागे आणखी असावीत.

मी रत्नागिरीकडचा. जांभ्याच्या गडग्यात हात घालू नये, आत फुरसं असतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. फुरसंही अंगावरचे खवले घासून आधी आवाज करतं. पण या पिल्लांच्या शेपटीला जन्मतः बोंडासारखी एकच कडी असते, ती वाजत नाही. दर कातीला एकेक कडी वाढते, मग आवाज येतो. विष मात्र पहिल्या दिवसापासून असतं. शिवाय डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्याने त्यांना उष्णता जाणवते. अंधाऱ्या बॉक्समध्ये हात घातला असता तर आम्हाला काही दिसलं नसतं, त्यांना हात नेमका कळला असता. आणि फिनिक्सची मोठी इस्पितळं तिथून शंभर किलोमीटरवर.

सुपरवायझरला साप तासाभरात हलवून हवे होते. साप पकडणाऱ्या बाई आल्या, आत वाकून नीट पाहिलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. "ही अंडी घालत नाही, पिल्लंच देते," त्या म्हणाल्या. "पहिली कात टाकेपर्यंत ती त्यांच्याजवळ थांबेल. एक-दोन आठवडे. मग सगळी आपोआप पांगतील." लांब नेऊन सोडली तर ओळखीची बिळं शोधत ती भटकते आणि बरेचदा मरते, हेही त्यांनी सांगितलं. सुपरवायझर कुरकुरला, वेळापत्रक दाखवू लागला. मी म्हटलं, दुसऱ्या ब्लॉकचं काम पुढे घेतो, एकही दिवस वाया जाणार नाही. माणूस विचारी निघाला, ऐकलं त्याने. झाकण फटीपुरतं उघडं ठेवून भोवती रस्त्यावर ठेवतात तसे कोन लावले, पट्टी बांधली. त्या वाटेने कुणी जायचं नाही.

कुणीतरी पहारीने ठेचा म्हणालं होतं. त्याचा मला आजही राग येतो. जी आधी इशारा देते, तिलाच मारायचं?

सप्टेंबर लागल्यावर त्या बाईंनी येऊन बॉक्स रिकामा असल्याची खात्री केली. केबलला पिल्लांच्या पातळ काती चिकटलेल्या होत्या. पाइप आत येतो तिथे मुठीएवढी फट सापडली. तिला बारीक जाळी बसवली, त्या रांगेतले बाकीचे बॉक्सही आकड्याने उघडून तपासले आणि केबल ओढायला घेतली.